ऑफिसचा एसी, वीजबिल आणि त्याच त्या चुका: या टाळा

ज्या ऑफिसात एसीवरून भांडण होत नाही, तिथला एसी बहुधा बंद असतो. एरवी एका रांगेत शाली, दुसऱ्या रांगेत यूएसबीचे छोटे पंखे, आणि मधे फॅसिलिटीवाला दोन्हीकडच्या शिव्या खात उभा. महिनाअखेरीला अकाउंट्सवाले वीजबिल घेऊन त्याच्याच टेबलावर येतात. पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांत बीएमएस (इमारतीचा एसी वगैरे संगणकावरून चालवणारी यंत्रणा) बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेलं निस्तरणं हा माझा धंदा. निस्तरणंच जास्त. चुका ठरलेल्या आहेत, करणारी माणसं तेवढी बदलतात.

सेन्सर कुठे आहे ते न बघता स्क्रीनवर विश्वास ठेवणं

हिंजवडीतल्या एका ऑफिसात एका मजल्याची तक्रार वर्षभर मिटत नव्हती. लोक गारठलेत, आणि बीएमएसच्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवंगार: सेटपॉइंट (म्हणजे हवं असलेलं तापमान) २४, तापमान २४. ऑपरेटर बिचारा प्रामाणिकपणे सांगायचा, "सर, चोवीसच आहे." लोकांनी डिफ्युझरवर, म्हणजे छतातल्या गार हवेच्या जाळीवर, पुठ्ठे चिकटवले. एका टीमने तर जुन्या कॅलेंडरची पानं लावली होती. पुठ्ठ्याने अडवलेली हवा शेजारच्या डिफ्युझरमधून जोरात यायला लागली, मग तिथेही पुठ्ठा.

मी गेलो तेव्हा व्यवस्थापन एक नवं महागडं सॉफ्टवेअर घेण्याच्या बेतात होतं. तक्रारींचा अंदाज ते म्हणे आधीच बांधणार होतं. मी खिशातला थर्मामीटर काढला आणि मजल्यावर फेरी मारली. टेबलांवर साडेवीस, एकवीस. मग सेन्सर शोधला. तो एका खांबावर होता, आणि खांबाच्या पायाशी मोठा प्रिंटर आणि कॉफीचं मशीन. इंटिरियर बदललं तेव्हा पॅन्ट्री तिथे आली, सेन्सर होता तिथेच राहिला. त्या कोपऱ्यातली गरम हवा २४ वर आणण्यासाठी एएचयू (मजल्याला गार हवा पुरवणारं पंख्याचं युनिट) अख्खा मजला गोठवत होता. ताप बघायला थर्मामीटर चहाच्या कपात बुडवावा, तसला प्रकार.

सेन्सर दोन खांब पलीकडे हलवला, पुठ्ठे काढले, हवेचं बॅलन्सिंग पुन्हा केलं. त्या कामाचा खर्च सॉफ्टवेअरच्या कोटेशनमधल्या जीएसटीएवढाही नव्हता. शाली ड्रॉवरमध्ये गेल्या.

म्हणून माझी सवय अशी: कुठल्याही इमारतीत पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडत नाही. प्लॅनची प्रिंट, साधा थर्मामीटर आणि पेन. सकाळी एकदा, दुपारी तीनला एकदा फिरायचं, टेबलाच्या उंचीला रीडिंग घ्यायचं, आकडा प्लॅनवर लिहायचा. मग प्रत्येक सेन्सर डोळ्यांनी बघायचा. उन्हातल्या भिंतीवर आहे का, डिफ्युझरच्या झोतात आहे का, की खर्च वाचवायला रिटर्न डक्टमध्येच (मजल्यावरची हवा परत नेणाऱ्या नळीत) बसवून टाकलाय? रिटर्न डक्टमधला सेन्सर सगळ्या मजल्याची मिसळलेली हवा मोजतो. खिडकीशी कोण भाजतंय आणि मधे कोण कुडकुडतंय हे त्याला कळूच शकत नाही. नवी पोरं मात्र येतात, डॅशबोर्ड उघडतात, आलेख काढतात. फॉल्स सीलिंगची टाइल उचलायला सांगितलं की शर्ट मळतो.

"तात्पुरतं मॅन्युअल करून ठेवलंय"

या वाक्याने महाराष्ट्रातली किती वीज जाळली असेल, देव जाणे. एका ठिकाणी सगळ्या एएचयूंना व्हीएफडी बसवले होते, म्हणजे गरजेप्रमाणे पंख्याचा वेग कमी-जास्त व्हावा. वर्ष झालं, बिल जसंच्या तसं. स्क्रीनवर पंखे ३८ हर्ट्झवर (पूर्ण वेग ५०) दिसत होते. एएचयू रूमचं दार उघडल्याबरोबर आवाजावरूनच कळलं की पंखा सुसाट चाललाय. पॅनेलवरचा स्विच बायपासला, म्हणजे व्हीएफडीला वगळून पंखा थेट पूर्ण वेगाने. एप्रिलमधल्या एका दुपारी डायरेक्टरच्या केबिनमध्ये उकडलं, मेंटेनन्सवाल्याने घाईत बायपास मारला, उकाडा गेला, स्विच तिथेच राहिला. मी गेलो तेव्हा डिसेंबर होता.

मग स्क्रीनवर ३८ कसे? बीएमएस स्वतः दिलेला हुकूम दाखवत होतं. मोटर तो ऐकतेय का, हे बघायला फीडबॅकची वायर लागते. कंत्राटदाराने ती ओढलीच नव्हती.

पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५० हर्ट्झवरून ४० वर आलात तर वीज कागदावर जवळजवळ निम्मी होते. प्रत्यक्षात बचत थोडी कमी पडते, पण दुसऱ्या कुठल्या जुगाडाने एवढी मिळत नाही. आता माझ्या साइटवर बायपास मारायचा तर पॅनेलला लाल टॅग लावायचा: कुणी, कधी, का. आणि बीएमएसमधला प्रत्येक ओव्हरराइड (हाताने केलेला बदल) चार तासांनी आपोआप सुटला पाहिजे, असं प्रोग्रॅममध्येच घालून घेतो. ऑपरेटर वैतागतात. वैतागू देत.

२४ म्हणजे २४, विषय संपला

ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली एसी २४ ते २६ अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला आणि एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं सांगितलं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींना २४ हे डिफॉल्टच आलं. चांगलंच झालं. पण तो ६ टक्क्यांचा आकडा उचलून सेंट्रल प्लांटच्या बचतीच्या प्रेझेंटेशनमध्ये टाकणारे महाभाग भेटतात. तिथे चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र), पंप, कूलिंग टॉवर, पंखे यांचं गणित वेगळं असतं.

दुसरं म्हणजे, माणसाला नुसतं हवेचं तापमान जाणवत नाही. पश्चिमेच्या काचेशी दुपारी चारला बसून बघा. हवा २४ असली तरी तापलेली काच अंगावर उष्णता फेकत असते. तिथे सेटपॉइंट २१ केला की काचेशी बसलेला तरीही घामाघूम आणि मजल्यातले बाकीचे गारठलेले. तिथे ब्लाइंड किंवा काचेवर फिल्म हाच उपाय. आणि छताचा पंखा! आधुनिक ऑफिसांना त्याची का लाज वाटते कळत नाही. हळू फिरणारा पंखा असला की २६ अंशही सुसह्य होतात.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. वीज वाचवायला कुणीतरी चिलरच्या पाण्याचं तापमान ७ वरून १० वर नेतो. चिलरची वीज थोडी वाचते, पण हे पाणी फिरतं ती एएचयूमधली कॉइल हवेतला ओलावा नीट काढत नाही. कार्पेटला कुबट वास, कागद मऊ, आणि चिकचिक होते म्हणून लोक सेटपॉइंट खाली ओढतात. वाचलेलं तिथेच परत जातं. पुण्याच्या कोरड्या महिन्यांत हीच युक्ती छान चालते. युक्ती शहर आणि ऋतू बघून वापरायची.

बाकीच्या, थोडक्यात

बाहेरच्या हवेचा डॅम्पर (ताजी हवा आत घेणारी झडप) "बचतीसाठी" बंद करू नका. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. बंद मीटिंग रूममध्ये दहा माणसं तासभर बसली की तो १५०० च्या वर सहज जातो, आणि मग सगळे जांभया देतात आणि दोष जेवणाला.

सगळे एएचयू आणि चिलर नऊच्या ठोक्याला एकदम सुरू करू नका. मॅक्सिमम डिमांड (एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज) चढते आणि त्याचे पैसे बिलात वेगळे लागतात. अंतर ठेवून सुरू करा.

मीटिंग रूमच्या मोशन सेन्सरचा टायमर दोन मिनिटांवर ठेवला तर शांत बसलेल्या माणसांवर अंधार होतो. मग कुणीतरी सेन्सरवर टेप चिकटवतो आणि दिवे रात्रभर जळतात. पंधरा मिनिटं ठेवा.

शून्य तक्रारींचं उद्दिष्ट सोडा. सोयीच्या तापमानाचं गणित मांडणाऱ्या डॅनिश संशोधक फँगर यांच्या हिशेबातही उत्तमात उत्तम स्थितीत ५ टक्के लोक नाराज राहतातच. त्यांची जागा बदलून द्या.

रात्री दोनचं मीटर रीडिंग बघा. सर्व्हर रूम वगळता त्या वेळी जे चाललंय त्याचा जाब कुणाला तरी विचारा.

सुट्ट्यांचं कॅलेंडर भरा. धुळवडीच्या दिवशी रिकाम्या मजल्यांवर निष्ठेने २४ अंश राखणाऱ्या इमारती मी दरवर्षी बघतो. जानेवारीत एचआरकडून यादी मागवायची आणि त्याच दिवशी बीएमएसमध्ये टाकायची, अर्ध्या तासाचं काम. आणि शनिवारी मोजकी चार-पाच माणसं येणार असतील तर त्यांच्यासाठी चिलर चालवू नका. स्प्लिट एसी असलेल्या एका खोलीत त्यांना एकत्र बसवा. कुरकुरतील, पण बसवा.