निर्जंतुक क्लीनरूमसाठी रोबोट कसा निवडावा आणि बसवावा

पुण्यात रोबोट हाताळणाऱ्यांची वानवा नाही. पण चाकणच्या वेल्डिंग शॉपमधला अनुभव इंजेक्शनच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) भरणाऱ्या निर्जंतुक कक्षात, म्हणजे क्लीनरूममध्ये, जसाच्या तसा चालत नाही. तिथे हाताची पोच, उचलण्याचे वजन आणि एका फेरीचे सेकंद पाहून रोबोट घेतला जातो. इथे आधी हवा पाहावी, मग निर्जंतुकीकरण आणि वेग सर्वांत शेवटी.

क्लीनरूममध्ये कण आणि जंतू सोडणारा सर्वांत मोठा स्रोत माणूसच असतो. म्हणून जिथे माणसाचा हात ग्रेड ए क्षेत्रात, म्हणजे व्हायल उघड्या असतात त्या सर्वांत स्वच्छ भागात, शिरतो, ती कामे प्रथम रोबोटकडे द्यावीत: आडवी पडलेली व्हायल काढणे, अडकलेले रबरी स्टॉपर (बूच) सोडवणे, सेटल प्लेट (हवेतून खाली बसणारे जंतू टिपणारी उघडी बशी) बदलणे. त्यांची यादी बॅच रेकॉर्डमधील (प्रत्येक बॅचच्या उत्पादन-नोंदीतील) हस्तक्षेपांच्या नोंदींतून सहज निघते. बाहेरच्या पॅकिंगला रोबोट लावणे सोपे असते आणि पाहुण्यांना दाखवायलाही बरे असते. निर्जंतुकतेत मात्र त्याने काहीही भर पडत नाही.

ग्रेड ए क्षेत्रात ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण घनमीटरमागे ३,५२० पेक्षा अधिक असून चालत नाहीत आणि अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून येणारी हवा साधारण ०.३६ ते ०.५४ मीटर प्रतिसेकंद वेगाने, एकाच दिशेने वाहावी लागते. ही हवा उघड्या व्हायलवर पोहोचण्यापूर्वी तिच्या वाटेत काहीही येता कामा नये. त्यामुळे हात वरून टांगण्याऐवजी बाजूने किंवा खालून बसवावा आणि उघड्या व्हायल किंवा स्टॉपरच्या भांड्यावरून तो कधीही जाणार नाही, असा मार्ग प्रोग्रॅममध्ये आखावा. स्मोक स्टडी, म्हणजे धूर सोडून हवेचा प्रवाह पाहण्याची चाचणी, रोबोट उभा असताना करून भागत नाही. तो प्रत्यक्ष उत्पादनाच्या वेगाने चालवून पाहावा आणि धूर भोवऱ्यासारखा फिरताना दिसला, तर वेग निःसंकोच कमी करावा.

खरेदीत एक गल्लत वारंवार होते. आयएसओ ५ (हवेतील कणांच्या मर्यादेनुसार ठरणारा स्वच्छतेचा वर्ग) प्रमाणपत्र असलेला रोबोट कण कमी सोडतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. चिप बनवण्यासाठी घडवलेला असा रोबोट निर्जंतुकीकरणासाठी सोडल्या जाणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेत टिकेलच असे नाही. स्टॉब्ली कंपनीच्या स्टेरिक्लीनसारख्या रोबोट-मालिका मुळात या वाफेचा विचार करून बनवल्या आहेत. पुरवठादाराकडून बाह्य लेप, सील आणि वंगण यांबाबत लेखी हमी घ्यावी. ग्रिपर (वस्तू पकडणारे हाताचे टोक) बहुधा स्थानिक वर्कशॉपमध्ये बनतो आणि दुर्लक्ष तिथेच होते: तो ३१६एल या गंजरोधक प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, गुळगुळीत असावा, त्यात उघडे आटे किंवा बंद भोके नसावीत. वाफ सोडताना हात दुमडलेला ठेवू नये. सांधे उघडे राहतील अशी स्थिती ठरवून सर्वांत अवघड कोपऱ्यांत जैविक निर्देशक (वाफेने जंतू मेले का, हे दाखवणारे चिवट जंतूंचे नमुने) लावावेत.

प्रारंभिक व्हॅलिडेशनमध्ये (प्रक्रिया निर्जंतुक राहते हे सिद्ध करताना) लागोपाठ तीन मीडिया फिल, म्हणजे औषधाऐवजी जंतू वाढवणारे द्रव भरून केलेल्या चाचण्या, यशस्वी व्हावे लागतात. त्यांत रोबोट मध्येच थांबणे, वीज जाणे आणि पुन्हा सुरू करणे हे प्रसंग मुद्दाम घालावेत. प्रोग्रॅममधील प्रत्येक बदल चेंज कंट्रोलमधूनच (बदल तपासून मंजूर करण्याच्या लेखी पद्धतीतूनच) जावा. हात थांबला त्या क्षणी उघड्या असलेल्या कोणत्या व्हायल टाकून द्यायच्या, हे एसओपीमध्ये (कामाच्या ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीत) आधीच लिहिलेले असावे. तो निर्णय रात्रपाळीच्या सुपरवायझरवर सोडू नये.