भाजीचे वाफे मांजरांपासून कसे राखावेत

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की परसातील भुसभुशीत, कोरडी माती मांजरांना विष्ठा पुरण्यासाठी फार सोयीची वाटते आणि मेथी पेरलेला वाफा सकाळी पाहावा, तर मधोमध ओंजळभर खळगा व कडेला उपटलेली कोवळी रोपे पडलेली दिसतात. मांजराला हाकलण्यापेक्षा त्याला उकरता येणार नाही अशी जमीन ठेवणे अधिक उपयोगी ठरते.

पेरणी होताच वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आडवी पसरून कडा विटांनी दाबाव्यात. मेथी-कोथिंबीर तिच्या छिद्रांतून वर येते, मात्र पंजाला माती ओढता येत नाही. जाळी नसल्यास तुराट्यांचे वीतभर तुकडे चार-चार बोटांच्या अंतरावर उभे खोचावेत. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. वांगी, मिरचीच्या रोपांभोवती कडब्याचे जाड तुकडे अंथरल्यास ओलही टिकते.

पाणी संध्याकाळी द्यावे, कारण ओल्या मातीत मांजरे सहसा उकरत नाहीत. डांबरगोळ्या मात्र टाकू नयेत. त्या मांजरांना विषारी असून भाजीच्या मातीत त्यांचे काहीच काम नाही.

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मातीत येऊ शकतो, म्हणून ती खुरप्याने आजूबाजूच्या मातीसह काढावी, हातमोजे वापरावेत, भाजी नीट धुवावी आणि गर्भवती महिलांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. अंगणाच्या एका कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ढीग ठेवल्यास मांजरे बहुधा तिकडेच वळतात.