आखूड धनुष्याचा मोह: पारंपरिक शिकारीसाठी धनुष्य निवडताना या चुका टाळा

पारंपरिक धनुष्य घेणारा आधी ड्रॉ वेट, म्हणजे ते ओढायला लागणारं वजन, विचारतो, मग लाकूड बघतो. लांबीचा विषय शेवटी निघतो, तोही "झाडीत अडकायला नको" एवढ्यापुरता. मीही याच हिशोबाने 54 इंचांचं देखणं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेतलं होतं. माझी ओढ, म्हणजे ड्रॉ लेंग्थ, 29 इंचांच्या पुढे जाते.

आठवडाभरात अनामिका बधिर व्हायला लागली. पूर्ण ओढल्यावर बाण शेल्फवरून, म्हणजे मुठीवरच्या टेकणीवरून, आपोआप उचलला जायचा. रिलीज, म्हणजे दोरी सोडायची पद्धत, सुधारायची म्हणून मी बरेच दिवस घाम गाळला. ती काही फार चांगली नव्हतीच, पण खरा दोष दोरीच्या कोनात होता.

दोरी मागे ओढली की बोटांपाशी तिचा कोन होतो. धनुष्य आखूड आणि ओढ लांब असेल तर हा कोन टोकदार होतो आणि बोटं नॉकला, म्हणजे बाणाच्या दोरीत बसणाऱ्या खाचेच्या टोकाला, चिमटा घेतात. दुसरा त्रास वजनाचा. धनुष्यावरचा पाउंडांचा आकडा साधारणपणे 28 इंचांच्या ओढीचा असतो आणि पुढच्या दर इंचाला दोन-तीन पाउंड वाढतात. आखूड धनुष्यात शेवटच्या इंच-दोन इंचांत ही वाढ एकदम चढते. यालाच स्टॅकिंग म्हणतात. हात अँकरपर्यंत, म्हणजे चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागेपर्यंत, पोचायच्या आतच थांबतो आणि बाण घाईत सुटतो.

उंची नव्हे, ओढ मोजा

स्वतःच्या उंचीवरून लांबी ठरवू नका. हलकं धनुष्य घ्या, नेहमीच्या अँकरपर्यंत ओढा आणि मुठीच्या खोलगट भागासमोर बाणावर कुणाला तरी खूण करायला सांगा. नॉकच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच, ही तुमची ओढ. कंपाउंडवरचा (चाकं बसवलेल्या आधुनिक धनुष्यावरचा) जुना आकडा इथे चालवू नका. बोटांनी ओढताना तो बहुधा इंचभर तरी कमी भरतो. शिकारीचं जाड जॅकेट घालून, गुडघ्यावर बसूनही एकदा मोजा.

रिकर्व्हसाठी माझा ठोकताळा असा: 27 इंचांपर्यंत ओढ असेल तर 56 ते 58 इंचांचं धनुष्य, 28 ला 60, आणि 29-30 ला 62 ते 64. लाँगबो (टोकं न वळलेलं लांब धनुष्य) असेल तर यात चारेक इंच मिळवा. एकाच लाकडातून घडवलेलं धनुष्य असेल तर मात्र ओढीच्या दुपटीहून चांगलंच लांब हवं, नाहीतर ते मोडायची भीती असते.

"पण तुर्की धनुष्यं तर केवढीशी असायची!" हा प्रश्न हमखास येतो. ती शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू यांची होती, टोकं उलटी वळलेली होती, आणि मुख्य म्हणजे दोरी अंगठ्याने, अंगठी घालून ओढत. तीन बोटांच्या चिमट्याचा प्रश्नच नव्हता. उलट जपानी युमी दोन मीटरहून लांब, तरी घोड्यावरून चालवतात, कारण मूठ मधोमध नसून खालून साधारण एक तृतीयांशावर असते.

झाडीची भीती

धनुष्यावर लिहिलेली लांबी लिम्बच्या वळणावरून मोजलेली असते (लिम्ब म्हणजे मुठीच्या वरची आणि खालची वाकणारी पाती). दोरी चढवल्यावर टोकापासून टोकापर्यंतचं सरळ अंतर त्याहून कमीच भरतं. शिवाय 58 ऐवजी 62 घेतलं तर प्रत्येक बाजूला वाढ होते जेमतेम दोन इंचांची. तेवढ्यासाठी नेम बिघडवून घ्यायचा? धनुष्य थोडं तिरकं धरलं की खालचं टोक गुडघ्यापासून सुटतं. ओढ 26 इंचांची असेल, तर आखूड धनुष्य खुशाल घ्या. तुम्हाला ते छान चालेल.

आखूड धनुष्य आधीच घेऊन बसला असाल तर

तिन्ही बोटं नॉकखाली धरून पाहा, चिमटा बराच कमी होतो. मात्र नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण लावायच्या जागेची खूण, नव्याने लावावा लागेल. बाण तरीही उचलला जात असेल तर दोरीवर नॉकच्या खालीही एक गाठ बांधा. स्टॅकिंग मात्र यांपैकी कशानेच जात नाही.

टेकडाउन, म्हणजे भाग सुटे करता येणारं धनुष्य, असेल तर लिम्ब बदलता येतात. 17 इंचांच्या आयएलएफ रायझरवर (रायझर म्हणजे मुठीचा मधला भाग, आयएलएफ ही लिम्ब जोडायची प्रमाणित पद्धत) शॉर्ट, मीडियम आणि लाँग लिम्ब लावले की अनुक्रमे 58, 60 आणि 62 इंच होतात. जुनी दोरी मग चालणार नाही, ती लांबीप्रमाणे नवी घ्या. लिम्बवर छापलेल्या वजनावरही विसंबू नका. तेच लिम्ब छोट्या रायझरवर काही पाउंड जड होतात, मोठ्यावर हलके. स्वतःच्या ओढीला तराजू लावून बघा, कारण शिकारीची परवानगी असलेल्या बऱ्याच ठिकाणी किमान ड्रॉ वेटचा नियम असतो.