खरजेवर उपचार झाल्यावरही खाज राहिली, तर काय करावे

खरजेचा किडा मारणे तुलनेने सोपे असते. अवघड जाते ते किडा मेल्यावरही खाजत राहणाऱ्या माणसाला धीर धरायला लावणे. या किड्याची मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते आणि त्वचेच्या वरच्या थरात बीळ पोखरून अंडी घालते. खाज येते ती मात्र तिच्या चावण्यामुळे नव्हे, तर ती, तिची अंडी आणि विष्ठा यांना शरीराची प्रतिकारयंत्रणा जो विरोध करते त्यामुळे. पहिल्या लागणीत हा विरोध उभा राहायला ४ ते ६ आठवडे लागतात. पूर्वी खरूज होऊन गेलेल्यांना १ ते ४ दिवसांतच खाज सुटते. म्हणूनच घरात ज्याला अजिबात खाजत नाही, त्यानेही त्याच रात्री मलम लावायचे असते.

अंग कोरडे व थंड असताना किडा मारणारे ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावावे. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, बेंबी, जांघा आणि नखांखालची जागा सोडू नये. ते ८ ते १४ तास ठेवावे आणि मध्ये हात धुतले, तर हातांना पुन्हा लावावे. तान्ह्या बाळांना व वृद्धांना चेहऱ्यावर आणि डोक्यालाही लावावे लागू शकते, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. अंड्यांतून निघालेली पिल्ले उरू नयेत म्हणून साधारण ७ दिवसांनी हाच क्रम पुन्हा करावा. किडा मारणाऱ्या, पोटात घ्यायच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार दोनदा दिल्या जातात. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुले यांना त्या सहसा देत नाहीत. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जाड गोधडी धुणे जमत नसेल, तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी, कारण माणसाच्या अंगाबाहेर किडा सहसा २-३ दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

यानंतर खाज २ ते ४ आठवडे राहिली, तरी उपचार फसला असे समजू नये. मेलेल्या किड्यांचे अवशेष त्वचेत असेपर्यंत प्रतिकारयंत्रणा शांत होत नाही. खरजेमुळे काखेत व जांघेत त्वचेवर उठलेल्या गाठी तर कित्येक महिने टिकतात. या काळात खाजेची गोळी आणि साधे मॉइश्चरायझर पुरते. रोज परमेथ्रिन चोपडल्यास त्वचा चुरचुरते आणि तीच खाज खरजेची वाटू लागते. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे त्याहून वाईट, कारण त्यांनी खाज दबते, पुरळाचे रूप बदलते आणि किडे मात्र तसेच राहतात. चार आठवड्यांनंतर नवी बिळे किंवा नवे पुरळ दिसले, तरच उपचार अपुरा पडला किंवा पुन्हा लागण झाली असे धरावे आणि आधी घरातले कोण उपचारातून सुटले ते शोधावे.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत चित्र उलटे असते. एरवी अंगावर १०-१५ माद्या असतात. अशा रुग्णांत त्वचेवर जाड खपल्या धरतात, त्यांत हजारो ते लाखो किडे असतात आणि खाज मात्र कधी कधी नावालाच असते. नॉर्वेत १८४८ साली कुष्ठरुग्णांमध्ये या प्रकाराची नोंद झाली. अशा खपल्या दिसल्यास घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण तिथे मलम आणि गोळ्या दोन्ही एकत्र, अनेक मात्रांत द्याव्या लागतात.