ग्रेट बेडविनला जाताय? आधी मोजे

मोज्यांची एक जास्तीची जोडी. माणशी एक, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. गेल्या खेपेला यादीत थर्मासपासून क्रेप बँडेजपर्यंत सगळं होतं, फक्त हीच ओळ नव्हती. म्हणून या वेळी ती पहिली आहे आणि पुढे अजून तीन-चारदा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

ग्रेट बेडविन हे इंग्लंडच्या विल्टशरमधलं खेडं. लंडन, स्लाव, रीडिंगकडे राहणाऱ्यांना सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या आईबाबांना घेऊन जायला अशी जागा बरी पडते. स्टेशनातून बाहेर पडलं की कालवा समोरच. हा केनेट अँड एव्हन कालवा, रीडिंग ते ब्रिस्टल, साधारण 140 किलोमीटर, 1810 साली सलग सुरू झालेला. होड्या ओढणारे घोडे ज्या काठाने चालायचे तो टोपाथ. कालव्याचं पाणी सपाट, म्हणून काठाची ही वाटही जवळजवळ सपाट, आणि सपाट म्हणून सगळीकडे तिचं वर्णन ‘ईझी’ असं करतात. इथेच आपण फसतो. ईझी म्हणजे चढ नाही, एवढंच. वाट कोरडी असेल असं कोणीही म्हटलेलं नाही.

आपल्याला सवय सह्याद्रीची. जुलैत राजमाचीला जाताना पाय दिवसभर ओले असतात आणि कोणी त्याकडे बघतही नाही, कारण हवा उबदार असते आणि पायात फ्लोटर्स असतात. इथे एप्रिलमध्येसुद्धा हवा आठ-दहा अंशांवर असते, आणि पाऊस पडायचीही गरज नसते. टोपाथच्या कडेचं गवत रात्रीच्या दवाने भरलेलं असतं आणि झुडपांच्या सावलीत ते दुपारपर्यंत वाळत नाही. जाळीदार स्पोर्ट्स शूज घालून त्यातून दहा मिनिटं चाला: आधी चवड्यावरची जाळी काळसर दिसायला लागते, मग अंगठ्याला गार लागतं, मग प्रत्येक पावलाला बुटातून पचक असा आवाज येतो. त्या वेळी तुम्ही पहिल्या लॉकलाही (होड्यांना पाण्याची पातळी बदलून वर-खाली नेणारं, दोन्हीकडे फाटकं असलेलं कुंड) पोचलेले नसता.

तेव्हा मोजे. सुती नकोत, लोकरीचे किंवा लोकरमिश्रित. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, कातडी पांढरी पडून सुरकुतते, आणि अशा मऊ पडलेल्या कातडीवर टाचेला तासाभरात फोड येतो. सगळ्यांचे मोजे एकाच्या सॅकमध्ये ठेवू नका. तो माणूस नेमका अर्धा किलोमीटर पुढे गेलेला असतो. बाबांना विचारूही नका. ते ‘मला काही होत नाही’ म्हणणारच. न विचारता त्यांच्या पिशवीत टाका. आणि माणशी दोन ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या घ्या, कारण कोरडा मोजा ओल्या बुटात घातला तर पाच मिनिटांत तोही ओला. जेवायला बसाल तेव्हा बूट काढायचे, पाय पुसायचे, कोरडा मोजा, त्यावर ब्रेडची पिशवी, मग बूट. दिसतं विचित्र, पण उरलेली वाट नीट चालता येते.

बूट वॉटरप्रूफ असतील तर उत्तमच, पण त्या भरवशावर मोजे वगळू नका. उंच गवतातून पाणी वरून आत जातं. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आता कुठली वाट ते आधी ठरवा, कारण सामान त्यावर ठरतं. वयस्क मंडळी आणि लहान मुलं असतील तर बेडविन ते हंगरफर्ड, काठाकाठाने पूर्वेला, साधारण आठ किलोमीटर, वाटेत लिटल बेडविन. सुरुवात बेडविनला करा, शेवट हंगरफर्डला, उलट नको. बेडविनचं स्टेशन बिनमाणसाचं आहे आणि गाड्या कमी. हंगरफर्डला त्याच गाड्या थांबतात, शिवाय आणखी काही, आणि एखादी चुकली तर चहा, दुकान, बसायला जागा मिळते. बेडविनच्या फलाटावर गारठ्यात तासभर काढणं वेगळं.

दुसरी वाट पश्चिमेला क्रॉफ्टनची, आणि खरं तर बघण्यासारखं या बाजूला जास्त आहे. क्रॉफ्टनला नऊ लॉक ओळीने आहेत आणि त्यांच्या वर कालव्याचा सगळ्यात उंच टप्पा. एक होडी लॉकमधून गेली की लॉकभर पाणी खाली जातं, आणि त्या उंचीवर ते भरून काढणारी नदी नाही. म्हणून खालच्या विल्टन वॉटर नावाच्या तळ्यातलं पाणी वर चढवायला इथे पंपिंग स्टेशन बांधलं. त्यातलं बोल्टन अँड वॉटचं 1812 सालचं वाफेचं इंजिन अजून जागच्या जागी चालतं, पण रोज नाही. एरवीचं काम विजेचे पंप करतात. वाफेचे दिवस वर्षातून मोजके, तारखा बघूनच निघा, नाहीतर थंड इंजिन बघून याल. तिथून तळ्याच्या काठाने विल्टन गाव, पुढे चढावर पवनचक्की, 1821 सालची. कालव्याने खोऱ्यातलं पाणी ओढून घेतलं, पाणचक्क्या बंद पडल्या, म्हणून ती वर वाऱ्यावर बांधावी लागली. परत येताना ब्रेल नावाच्या रानातून बेडविन. सगळं मिळून नऊ-दहा किलोमीटर. पवनचक्कीपासून पुढचा भाग टोपाथ नाही, तो शेतांचा आणि रानाचा आहे. खाली खडूचा दगड, वर चिकणमाती आणि गारगोट्या. ओला खडू साबणासारखा निसटतो, माती बुटाला किलोकिलोने चिकटते. या वाटेला मोज्यांच्या दोन जोड्या घ्या. हो, दोन.

मुलांची बाबागाडी शेतांच्या वाटेवर नेऊ नका. कुंपणं ओलांडायला कुठे लाकडी पायऱ्या असतात, तर कुठे किसिंग गेट: अर्धगोल कुंपणात झुलणारं फाटक, एका वेळी एकच माणूस आणि तोही पोट आत घेऊन. बाबागाडी त्यातून जात नाही, उचलून पलीकडे द्यावी लागते.

तिकीट आधी काढा. रीडिंगपर्यंत कार्ड टॅप करून जाण्याची सवय असते, तीच पुढे चालेल असं धरू नका. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह मिळतं, एक तृतीयांश सूट. बरेच जण विचारतच नाहीत. न्यूबरीपुढे विजेच्या तारा नाहीत, त्यामुळे न्यूबरीला गाडी बदलावी लागू शकते. आणि रविवार असेल तर आदल्या रात्री पुन्हा बघा: रुळांचं काम काढलं की गाडीऐवजी बस देतात आणि अख्खं वेळापत्रक कोसळतं.

नकाशा कागदी. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर, 1:25,000, म्हणजे 4 सेंटिमीटरला एक किलोमीटर. पश्चिमेला सॅव्हर्नेकच्या रानाकडे 157, पूर्वेला हंगरफर्डकडे 158. फोनवरचा नकाशा घरून डाउनलोड करून न्या, दरीत रेंज जाते. नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालायचा कायदेशीर हक्क असलेली वाट. काळ्या तुटक रेषा म्हणजे वाट आहे, हक्क असेलच असं नाही, आणि ऐन शेताच्या मध्यावर हा फरक कळणं बरं नव्हे. जागेवर खांबांवर बाण असतात: पिवळा पायी चालणाऱ्यांचा, निळ्यावर घोडे आणि सायकलीही. कालव्याची दुरुस्ती हिवाळ्यात काढतात, तेव्हा टोपाथचा एखादा तुकडा बंद असू शकतो. कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या सूचना बघून निघा.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. जीन्स नको, भिजली की जड होते आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. जॅकेटच्या लेबलावर ‘शॉवरप्रूफ’ लिहिलं असेल तर ते वॉटरप्रूफ नव्हे, वीस मिनिटांत आत झिरपतं. जूनमध्येसुद्धा लांब पँट घाला, कारण वाटेच्या दोन्ही कडांना नेटल नावाची झोंबणारी वनस्पती असते, आणि उघड्या पोटरीला लागली की खाजकुइली बरी वाटते.

जेवण घरून. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, थर्मासमध्ये चहा. पबच्या भरवशावर राहू नका; खेड्यातली स्वयंपाकघरं बऱ्याचदा दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात आणि रविवारी जागा आधी सांगून ठेवलेली लागते. आठ किलोमीटर आणि दोन तास हे गणित एकट्या तरुण माणसाचं. आईबाबा, मुलं, हंस बघणं, होड्यांचे फोटो धरून तासाला तीन किलोमीटर धरा, म्हणजे जेवणासकट चार तास. बाथरूम गाडीतच उरका, सगळ्यांनी, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यांनीही.

कालव्याचं पाणी. मुंबईत पावसाळ्यात ज्याची सूचना देतात तोच लेप्टो इथेही उंदराच्या मुतातून पाण्यात येतो. पायाला, हाताला कापलं असेल तर पट्टी लावून निघा, आणि धपाटं हातात घेण्याआधी हात धुवा किंवा जेल लावा. कालवा स्वतः फार खोल नाही, पण लॉक खोल असतो: रिकाम्या लॉकच्या कडेवरून खाली बघा, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी भिंत, त्यावर काळंहिरवं शेवाळ, हात टेकायला काही नाही. लॉकपाशी मुलांचे हात धरा. होडी आत असेल तेव्हा लॉकच्या फाटकाच्या लांब दांड्याच्या आणि काठाच्या मध्ये उभं राहू नका, तो दांडा फिरतो. काठाला बांधलेल्या होड्यांचे दोर आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या गवतात दिसत नाहीत. फोनमध्ये बघत चालणारा तिथे पडतोच. मागून सायकलची घंटा वाजली तर सगळ्यांनी एकाच बाजूला सरका. दोन बाजूंना पांगलात की सायकलवाल्याला जागा राहत नाही आणि तुमच्यातला एक जण पाण्याच्या बाजूला असतो.

हंगरफर्डच्या अलीकडे मार्श लॉकपाशी मोकळं कुरण आहे, तिथे गाई चरतात. बरोबर वासरू असेल तर त्या दोघांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. फाटक जसं असेल तसंच ठेवा, बंद असेल तर बंद. खास या लॉकवर फिरता पूल आहे, थेट लॉकच्या वरून. होडी यायची असेल तर थांबावं लागतं, थांबा.

बसल्या जागी एकदा बघून घ्या: मोजे बदललेत का? सगळ्यांनी? ‘आता थोडंच राहिलंय’ हे कारण चालणार नाही, थोडंच म्हणजे चार किलोमीटर.

उरलेलं पटापट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि पावणेपाचला सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये चारच्या आसपास, म्हणून टॉर्च. पॉवरबँक. कचऱ्याची पिशवी. आईच्या गोळ्या. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या कानामागे गोचीड आहे का बघा, विशेषतः रानातून आला असाल तर. असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल ओतू नका, चटका देऊ नका. नंतर त्या जागी लाल वर्तुळ वाढताना दिसलं तर डॉक्टर. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रेडिएटरवर ठेवू नका, तळ उकलतो.

मोजे धुवून वाळले की कपाटात ठेवू नका. गेल्या खेपेला ते कपाटातच होते. थेट त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, सॅकच्या तळाशी.