'किलर ऑफ शीप' चार लोकांना कसा दाखवावा

मिरजेत आमचा पंचवीस-तीस जणांचा गट आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एक सिनेमा बघतो. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' मी आजवर तीन वेगवेगळ्या गटांना दाखवला. पहिल्या वेळी तो माझ्यामुळे वाया गेला, पुढच्या दोन वेळी लागू पडला. तुमच्या गावात, कॉलेजात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये कुणी तो दाखवायचं मनात आणलं, तर माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी परवानगीचं बघा. वितरकाला रीतसर लिहा, किती माणसं येणार ते खरं सांगा, फी ठरवून घ्या आणि वर्गणीतून भरा. एरवीही हे करायलाच हवं, पण या सिनेमाच्या बाबतीत मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. बर्नेट यांनी तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकताना, पदवीचं काम म्हणून केला. दहा हजार डॉलर्सपेक्षा कमी पैशांत, सोळा एमएमच्या कृष्णधवल फिल्मवर, बहुतेक शनिवार-रविवारी. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन सगळं स्वतः. त्यात वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क मात्र घेतलेले नव्हते, विद्यार्थ्याला ते परवडणार तरी कसे? त्यामुळे १९८१ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळूनही, १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जाऊनही तो थिएटरात लागू शकला नाही. यूसीएलएच्या संग्रहालयाने प्रिंट दुरुस्त केली, माइलस्टोन या छोट्या वितरण संस्थेने गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर्स मोजले, तेव्हा कुठे २००७ मध्ये लोकांनी तिकीट काढून तो पाहिला. जो सिनेमा हक्कांपायी तीस वर्षं डब्यात राहिला, तो आपण चोरून दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे स्पीकर. पडदा लहान असला तरी चालेल, भिंतीवर चादर लावली तरी चालेल, पण आवाज चांगला हवा. पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन, जुने ब्लूज ही गाणी इथे सजावटीला नाहीत. पात्रं जे बोलू शकत नाहीत ते या गाण्यांतून येतं. आम्ही एकदा प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर काम भागवलं आणि सिनेमाचा नायक स्टॅन व त्याच्या बायकोचा नाच अक्षरशः मेला. 'धिस बिटर अर्थ' वाजतंय, खिडकीतून उजेड येतोय, दोघं एकमेकांना धरून हळूहळू हलताहेत, गाणं संपतं आणि तो तिला सोडून निघून जातो. ती खिडकीशी एकटी उरते. त्या गाण्यातला श्वास ऐकू आला नाही तर बघणाऱ्याला दिसतात फक्त दोन माणसं, उगाच डुलणारी.

आता प्रास्ताविक. माझी मोठी चूक इथे झाली. पहिल्या वेळी मी पंचवीस मिनिटं बोलले. सिनेमा जिथे घडतो ती लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही कृष्णवर्णीयांची वस्ती, १९६५ च्या ऑगस्टमध्ये तिथे सहा दिवस चाललेला उद्रेक, त्यात गेलेले ३४ जीव, वर्णभेद, बेकारी. सगळं खरं होतं. पण त्यामुळे लोक पूर्ण वेळ काहीतरी भयंकर घडायची वाट बघत बसले. पोरं एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात, तर आता पडणार. दोघं ओळखीचे येऊन स्टॅनला एका खुनात सामील व्हायला सांगतात, तर आता तो जाणार. पोर पडत नाही. स्टॅन जात नाही, त्याची बायको त्या दोघांना दारातच असं झाडते की विषय संपतो. शेवटी एक आजोबा म्हणाले, "बाई, झालं काय यात?" चूक त्यांची नव्हती. मीच त्यांना चुकीच्या दारातून आत नेलं होतं.

म्हणून आता मी तीन मिनिटं बोलते, घड्याळ लावून. स्टॅन कत्तलखान्यात काम करतो, त्याला झोप येत नाही, घरी बायको आणि दोन मुलं आहेत. गोष्ट अशी काही नाही, नुसते दिवस आहेत. ऐंशी मिनिटांचा सिनेमा आहे. आणि एकच विनंती करते: मुलं काय करताहेत तिकडे लक्ष ठेवा. बस. कत्तलखान्यातली दृश्यं खरी आहेत, हेही आधी सांगून टाका. ज्यांना बघवणार नाही त्यांनी तेवढ्यापुरती मान वळवावी. लहान मुलं आणू नका म्हणून सांगा.

भाषेचा प्रश्न येईलच. वॉट्समधलं बोलणं आपल्या कानाला अवघड जातं, इंग्रजी सबटायटल्स लावाच. मध्येच माइकवरून मराठीत सांगत बसू नका. पात्रांची नावं आणि चार-पाच संवादांचा मराठी अर्थ अर्ध्या पानावर छापून द्या. माणसं एकमेकांना हाक मारताना जो शब्द वापरतात, तो गोऱ्याच्या तोंडी शिवी आहे आणि त्यांच्या आपसात कधी राग, कधी लाड. त्याला मराठी प्रतिशब्द शोधायला जाल तर हात एखाद्या जातिवाचक शिवीवर जाईल. तो मोह टाळा. तो शब्द मी भाषांतरितच करत नाही. आणि 'गरीब लोकांचा सिनेमा' असंही कुठे लिहू नका. स्टॅनला स्वतःला ते मान्य नाही. कुणी त्याला गरीब म्हटल्यावर तो चिडतो. आपण साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला वस्तू देतो, गरीब माणूस कुणाला काही देऊ शकतो का, असं विचारतो. गरीब बघायचाय तर रिकाम्या प्लॉटमधला पाला खुडून खाणारा बघ, म्हणतो. हा संवाद मी पानावर नक्की छापते.

सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावू नका. दोन मिनिटं थांबा. मग "कसा वाटला?" असं मुळीच विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. एका वस्तूपासून सुरुवात करा. मी इंजिनापासून करते.

स्टॅन आणि त्याचा मित्र यूजीन जुन्या गाडीसाठी इंजिन विकत घेतात. ते वजनदार धूड दोघं जिन्यावरून एकेक पायरी खाली आणतात. धाप, घाम, चेंगरलेलं बोट. पिकअपच्या मागे, अगदी काठावर ते ठेवतात. जरा आत सरकवू, असं स्टॅन म्हणतो. यूजीन म्हणतो राहू दे, काही होत नाही. गाडी चढाला लागते, सुरू होताच हिसका बसतो आणि इंजिन रस्त्यावर. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडाच, फुटला. दोघं उतरतात, बघतात, परत गाडीत बसतात. कॅमेरा गाडीतच मागच्या बाजूला आहे. इंजिन रस्त्यावर पडलेलं आणि आपण त्याच्यापासून लांब लांब जातोय. कुणी रडत नाही, कुणी ओरडत नाही, संगीतसुद्धा नाही.

आमच्या गटात एक गॅरेजवाले आहेत, सिनेमावर सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी ते दहा मिनिटं बोलले. ब्लॉक फुटणं म्हणजे काय, ते भंगारात किलोवर कसं जातं, आणि दमलेला माणूस शेवटची चार इंचं का सरकवत नाही. "अंगात काही उरलेलंच नसतं हो तेव्हा," ते म्हणाले. वॉट्सवरचं माझं पंचवीस मिनिटांचं भाषण या एका वाक्यापुढे फिकं होतं.

इंजिन झालं की चहाच्या कपावर या. स्टॅन गरम कप गालाला लावतो आणि त्याला बायकोची ऊब आठवते. मित्र म्हणतो, मलेरिया झालेल्या बायका मला नको. लोक हसतात. हसू द्या. नंतर हळूच विचारा की हाच माणूस नाचाच्या वेळी बायकोला सोडून का गेला. मला हा सिनेमातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो आणि मी त्याचं उत्तर देत नाही. आमच्याकडे मटणाच्या दुकानात आयुष्य काढलेले एक काका येतात, त्यांनी दिलं. घरी गेल्यावर आंघोळ केली तरी वास जात नाही, मग माणूस आपणहून लांब बसतो, असं ते म्हणाले आणि गप्प झाले. त्यापुढे त्या दिवशी चर्चा मी ओढली नाही.

प्रभावाबद्दल कुणी ना कुणी विचारतंच: एवढा लहान सिनेमा, त्याचं एवढं काय? याला पुरस्कारांची यादी वाचून दाखवू नका. त्या वेळी कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर दिसायचा तो पिस्तूल, ड्रग्ज, पाठलाग यांच्यात. बर्नेट मिसिसिपीत जन्मले, वॉट्समध्ये वाढले, त्यांनी शेजारपाजारचीच माणसं कॅमेऱ्यासमोर आणली. स्टॅनच्या मुलीचं काम करणारी अँजेला त्यांची पुतणी. मुख्य भूमिका आधी ज्याला द्यायची होती तो तुरुंगात होता आणि त्याच्या सुटकेची ते वाट बघत राहिले. शेवटी हेन्री सँडर्स यांनी ती केली. बर्नेट यांच्याबरोबर यूसीएलएत शिकणारे हैले गेरिमा, जूली डॅश, बिली वुडबेरी यांनी आपापल्या वाटेने हेच केलं. या सगळ्यांना पुढे 'एल. ए. रिबेलियन' असं नाव पडलं. स्टॅनची बायको झालेल्या केसी मूर पुढे वुडबेरी आणि डॅश या दोघांच्याही सिनेमांत दिसतात, तेव्हा हा धागा त्यांच्या चेहऱ्यावरूनच पकडता येतो. तरुण मुलांना पटवायचं असेल तर २००९ सालचं रॅपर मोस डेफच्या 'द एक्स्टॅटिक' या अल्बमचं मुखपृष्ठ दाखवा: छपरावरून छपरावर उडी मारणारं पोर, याच सिनेमातलं. बर्नेट यांना ऑस्कर मिळालं ते मानद, २०१७ मध्ये.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगते. हा सिनेमा जेव्हा चित्रित होत होता, त्याच वर्षांत, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि नाव घेतलं ते अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. म्हणजे तिकडची खबर इकडे होती. सिनेमा तेवढा यायचा राहिला.

शेवटचं काम घरी करायला द्या. प्रत्येकाने आपल्या गल्लीतलं एक दृश्य लिहून आणायचं, तीन ते पाच ओळी. गोष्ट नको, निष्कर्ष नको, फक्त जे दिसतं ते. पहिल्यांदा बहुतेकजण शेवटच्या ओळीत शिकवण घालतात. ती ओळ खोडून परत द्या, राग येत नाही कुणाला. मागच्या खेपेला अकरावीतल्या एका मुलीने आणलेल्या कागदात काही खोडावं लागलं नाही. तिने लिहिलं होतं: "बाबा सेकंड शिफ्टवरून येतात. चपला बाहेर काढतात. दार वाजवायच्या आधी पायरीवर बसतात, पाच-दहा मिनिटं. मी खिडकीतून बघते. मग मी झोपल्याचं सोंग घेते."