टॅबलेट की कॉम्प्युटर? चित्र-डिझाइनवाल्यांनी घ्यायच्या आधी हे करून बघा

दोन्हींपैकी चांगलं काय हे नंतर बघू, आधी एक कागद घ्या आणि तुमचं एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यावर लिहून काढा. समजा पुस्तकाचं कव्हर करताय, तर कच्चं स्केच, लाइन आर्ट, रंग, मग नावाची अक्षरं, मग छापायला द्यायची पीडीएफ आणि शेवटी ते सगळं नीट जपून ठेवणं. आता प्रत्येक पायरीसमोर लिहा, इथे हात चालतो का कीबोर्ड-माउस. चित्रवाल्यांच्या यादीत साधारण पहिला अर्धा भाग हाताचा निघतो आणि पुढचा कीबोर्डचा. मला विचाराल तर खरेदी या यादीवरूनच करा, जाहिरातीवरून नाही.

हाताच्या कामात टॅबलेटला तोड नाही. पेन जिथे टेकतं तिथेच रेष उमटते, दोन बोटांनी कॅनव्हास हवा तसा फिरवता येतो, प्रोक्रिएटसारख्या अ‍ॅपमध्ये दोन बोटं टेकवली की अनडू, तीन टेकवली की रीडू, त्यामुळे लक्ष चित्रावरून हलतच नाही. पण पेन घेताना नीट बघा. रबरी टोकाचे साधे स्टायलस दाब ओळखत नाहीत, म्हणजे कितीही जोर द्या, रेष तेवढीच जाड येणार. अ‍ॅपल पेन्सिल घेतानाही नीट बघा, प्रत्येक मॉडेल प्रत्येक आयपॅडला चालत नाही आणि २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी वाली पेन्सिल दाब ओळखत नाही, नोट्ससाठी ठीक आहे पण चित्रासाठी घेऊ नका. सॅमसंगच्या एस पेनला चित्र काढायला चार्जिंग लागत नाही, ही मोठी सोय आहे. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर आहे, अँड्रॉइडवर क्लिप स्टुडिओ पेंट बघा.

आता मेमरी. हे नीट समजून घ्या कारण नंतर बदलता येत नाही. ए४ पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८, जवळपास ८७ लाख पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक भरलेला लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, ३५ एमबीच्या आसपास जातो, आणि ए३ ला त्याच्या दुप्पट. म्हणून प्रोक्रिएट कॅनव्हास मोठा केला की लेयर कमी देतं, आणि तो आकडा टॅबलेटच्या रॅमवर, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीवर, ठरतो. कॉम्प्युटरला रॅम कमी पडली तर तो हळू चालतो पण काम पुढे सरकतं, बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम वाढवताही येते, टॅबलेटमध्ये मात्र जेवढी आली तेवढीच. त्यामुळे पोस्टर किंवा मोठी पानं करत असाल तर स्टोरेजपेक्षा आधी रॅम विचारा. आणि काम छापायचं असेल तर कॅनव्हास पहिल्यापासूनच पूर्ण मापाचा घ्या, लहान काढून नंतर ताणलं की रेषा धूसर होतात.

अक्षरं, मोजमाप, बरीच पानं, सीएमवायके म्हणजे छपाईच्या रंगांची तपासणी, शंभर फायलींची नावं एकदम बदलणं, हे सगळं कॉम्प्युटरवर करा. आयपॅडवर फोटोशॉप २०१९ पासून आहे, पण त्यात कॉम्प्युटरवरच्या फोटोशॉपमधलं सगळं नाही. टॅबलेटवरून फाइल पाठवताना पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाइल निवडा म्हणजे लेयर वेगवेगळे राहतात, जेपेग केलात की सगळं एका थरात चिकटलं. लेयरना नावं टॅबलेटवरच देऊन टाका, लेयर १७ मध्ये नक्की काय होतं ते पुढच्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही.

व्हिडिओचं थोडक्यात सांगतो. छोटे व्हिडिओ टॅबलेटवर आरामात होतात, दाविंची रिझॉल्व्ह आणि फायनल कट दोन्ही आयपॅडवर आहेत, पण खूप फुटेज, दोन-तीन हार्ड डिस्क आणि मोठी टाइमलाइन असेल तर कॉम्प्युटरच. संगीतवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा की कॉम्प्युटरवरचे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचे वाद्यांचे आणि इफेक्टचे भाग, टॅबलेटवर तसेच्या तसे चालत नाहीत, आणि वाजवताना ब्लूटूथ हेडफोन नको, आवाज उशिरा येतो, वायरवालाच घ्या.

घरात आधीच बरा कॉम्प्युटर असेल तर लगेच टॅबलेट घ्यायची घाई नको. स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट, वॅकॉम, हुइऑन किंवा एक्सपी-पेनचा, कॉम्प्युटरला जोडला की दाबाप्रमाणे रेष मिळते आणि तो बराच स्वस्त पडतो. हात खाली आणि नजर समोर, याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, रोज नुसत्या रेषा आणि गोल काढत राहा, जमतं. सोबत क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. मान खाली घालून तासन्‌तास टॅबलेटवर काढणाऱ्यांपेक्षा अशी मंडळी मानेच्या बाबतीत सुखी असतात, तरी टॅबलेटच घेतलात तर तिरका स्टँड त्याच दिवशी घ्या.

आयपॅड आणि मॅक दोन्ही असतील तर साइडकार वापरून बघा, आयपॅड मॅकची दुसरी स्क्रीन होतो आणि मॅकवरच्या फोटोशॉपमध्ये थेट पेन्सिलने काढता येतं.

एक गोष्ट मात्र आजच करा. प्रोक्रिएटमधली चित्रं अ‍ॅपच्या आतच असतात, अ‍ॅप डिलीट झालं की चित्रंही जातात. म्हणून काम संपलं की मूळ प्रोक्रिएट फाइल आणि पीएसडी अशा दोन्ही कॉपी कॉम्प्युटरवर किंवा बाहेरच्या डिस्कवर टाका, आणि उघडून बघा, पीएसडी तिथेच आणि प्रोक्रिएट फाइल परत आयपॅडवर घेऊन, उघडली तरच ती कॉपी धरायची.